स्ट्रिंग सिद्धांताला आज विज्ञानात कोणते स्थान आहे?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, किट पीक येथील दुर्बिणीवर बसवलेल्या ‘डेसी’ या उपकरणाच्या पहिल्या तीन वर्षांच्या निरीक्षणांचे निष्कर्ष जाहीर झाले. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असा संकेत त्यांतून मिळाला. त्यानंतर ‘स्ट्रिंग सिद्धांताला अखेर पुरावा मिळाला’ असे सांगणारे आणि ‘स्ट्रिंग सिद्धांत आता संपला’ असे बजावणारे, असे दोन्ही प्रकारचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत राहिले. चिपळूण, रत्नागिरी, देवगड, मालवण या भागांतील विज्ञान शाखेचे विद्यार्थी, आणि कधी कधी त्यांचे शिक्षकही, यातले खरे काय मानायचे असे विचारतात.

माझ्या मते दोन्ही विधाने चुकीची आहेत. स्ट्रिंग सिद्धांत मूलकणांना बिंदू न मानता कंप पावणाऱ्या अतिसूक्ष्म तारा मानतो. गोंधळाचे मूळ असे की ‘स्ट्रिंग सिद्धांत’ या एकाच नावाने गणिताची एक विस्तृत चौकटही ओळखली जाते आणि आपले विश्व खरोखर असेच बनलेले आहे हा दावाही ओळखला जातो. चौकट भक्कम आहे. दाव्याला मात्र आजवर एकही प्रायोगिक आधार मिळालेला नाही. ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे नीट पाहिले की व्हिडिओंमधील गलबल्याचा अर्थ लागू लागतो.

न जुळणारे दोन हिशेब

किनाऱ्यावरच्या माणसाचा गुरुत्वाकर्षणाशी रोजचा संबंध असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, आणि खाडीत होडी कधी लोटायची ते त्यावर ठरते. चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीचा हिशेब न्यूटनच्या नियमाने इतका चोख मांडता येतो की बंदरातील जुन्या नोंदींची जोड दिली की पुढच्या वर्षाची भरती-ओहोटीची कोष्टके आधीच तयार करता येतात. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी याच्याही खोलवर जाणारा सामान्य सापेक्षता सिद्धांत मांडला. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वाकतात, आणि त्या वाकण्याचाच परिणाम आपल्याला गुरुत्वाकर्षण म्हणून जाणवतो, असे हा सिद्धांत सांगतो. त्याने भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळेत प्रत्यक्ष टिपल्या गेल्या, आणि त्याच धर्तीच्या भारतीय वेधशाळेसाठी आपल्याच राज्यात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळची जागा निवडलेली आहे.

दुसरीकडे, अणू, इलेक्ट्रॉन आणि प्रकाश यांचे वर्तन पुंजयामिकी, म्हणजेच क्वांटम मेकॅनिक्स, सांगते. तिचे नियम संभाव्यतेचे आहेत आणि त्यांची अचूकताही तितकीच पारखलेली आहे. विजेचे बल आणि अणुकेंद्रातील बले या नियमांत बसवता आली. त्या हिशेबांतही मधेच अनंत येणारी उत्तरे निघतात, पण दोन-चार राशी प्रयोगाने मोजून घेतल्या की ती अडचण दूर होते आणि पुढची सर्व भाकिते ठरतात. गुरुत्वाकर्षणाला हीच रीत लावली, तर मोजून घ्यायच्या राशींची यादी कधी संपतच नाही, आणि ज्याला अगणित राशी आधी पुरवाव्या लागतात तो सिद्धांत काहीच भाकीत करू शकत नाही. ही अडचण ज्या अंतरावर टाळता येत नाही त्याला प्लांक लांबी म्हणतात. एका मीटरच्या अपूर्णांकात ती लिहायची, तर दशांश चिन्हापुढे ३४ शून्ये देऊन मग १६ लिहावे लागतील. रोजच्या व्यवहाराला याने काही बाधा येत नाही. पण कृष्णविवराच्या गाभ्यात काय आहे आणि विश्वाच्या आरंभी काय घडले, हे सांगायचे तर दोन्ही हिशेब एकत्र जुळवावेच लागतात.

बिंदूऐवजी तार

स्ट्रिंग सिद्धांत या कामासाठी जन्माला आलाच नव्हता. १९६८ मध्ये युरोपातील सर्न या संस्थेत काम करणाऱ्या गाब्रिएले व्हेनेझियानो यांनी अणुकेंद्रातील बलाने बांधलेल्या कणांच्या टकरींसाठी एक सूत्र सुचवले. हे सूत्र म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारांचे गणित आहे, असे योइचिरो नाम्बू, होल्गर नील्सन आणि लिओनार्ड ससकिंड यांनी स्वतंत्रपणे ओळखले. पुढे १९७३ नंतर अणुकेंद्रातील बलाचे, क्वार्क या आणखी लहान कणांवर आधारलेले, वेगळे आणि यशस्वी स्पष्टीकरण मिळाले, आणि तारांची कल्पना मागे पडली. शिवाय तिच्या गणितातून वस्तुमान नसलेला एक नको असलेला कण सतत बाहेर पडत असे, आणि अणुकेंद्रात तर तसा कण कुठेच आढळत नव्हता.

१९७४ मध्ये झोएल शेर्क आणि जॉन श्वार्झ यांनी, आणि जपानमध्ये तामिआकी योनेया यांनी, हा कण अगदी वेगळ्या नजरेने पाहिला. त्याचे गुणधर्म गुरुत्वाकर्षण वाहून नेणाऱ्या पुंजकणाचे, म्हणजे ग्रॅव्हिटॉनचे, होते. मूलकण बिंदूसारखे नसून अतिसूक्ष्म तारा आहेत, प्रत्येक तार ठरावीक रीतींनीच कंप पावू शकते आणि कंपनाची प्रत्येक रीत आपल्याला वेगळा कण म्हणून दिसते, असे मानले की गुरुत्वाकर्षण त्या गणितात आपोआप अवतरते. तार लांबीला थोडी पसरलेली असल्यामुळे दोन कणांची गाठ एका बिंदूवर पडत नाही, आणि अनंत उत्तरांचा उगमच नाहीसा होतो. १९८४ मध्ये मायकेल ग्रीन आणि श्वार्झ यांनी या गणितातील एक गंभीर विसंगती स्वतःहून रद्द होते असे दाखवले, आणि जगभरचे सैद्धांतिक शास्त्रज्ञ या विषयाकडे वळले. गुरुत्वाकर्षण बाहेरून न घालता ते आतून निघते, हे आकर्षण तेव्हाही मोठे होते आणि आजही आहे. जे लोक अजून या विषयावर काम करतात, त्यांना हटवादी म्हणण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

जास्तीच्या मिती कुठे गेल्या?

हे गणित सुसंगत राहण्यासाठी काळ धरून दहा मिती लागतात. आपल्या अनुभवाला अवकाशाच्या तीन आणि काळाची एक अशा चारच मिती येतात. उरलेल्या सहा मिती फार लहान घेरात गुंडाळलेल्या असाव्यात, असे यावर सांगितले जाते. रत्नदुर्गाच्या उंचीवरून मिरकरवाडा बंदरातील होडीचा काथ्याचा दोर पाहिला, तर ती नुसती रेघ दिसते, आणि तिच्यावर पुढे किंवा मागे जाण्याखेरीज दुसरी दिशा असेल असे वाटत नाही. त्याच दोरावर चालणाऱ्या मुंगीला मात्र घेराभोवती फिरण्याची आणखी एक दिशा मिळालेली असते. आपण मितींच्या बाबतीत किल्ल्यावर उभे आहोत, असा हा युक्तिवाद आहे.

गुंडाळलेल्या मितींचा आकार महत्त्वाचा ठरतो, कारण तार कशी कंप पावेल, आणि म्हणून कोणते कण व कोणती बले दिसतील, हे त्या आकारावर अवलंबून असते. १९८५ मध्ये फिलिप कँडेलास, गॅरी होरोविट्झ, अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि एडवर्ड विटन यांनी यासाठी योग्य आकारांचा एक वर्ग पुढे आणला. त्या वेळी सिद्धांताच्या पाच वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. १९९५ मध्ये विटन यांनी या पाचही आवृत्त्या अकरा मितींच्या एकाच मूळ सिद्धांताची रूपे असावीत, असे सबळ कारणांसह मांडले. त्या मूळ सिद्धांताची पूर्ण समीकरणे मात्र आजही कोणाला लिहिता आलेली नाहीत.

“मग प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?”

हरकत नाही, अडचण आहे. प्लांक लांबीपर्यंत थेट पोहोचायचे, तर सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरपेक्षा एकावर पंधरा शून्ये इतक्या पटीने जास्त ऊर्जेच्या टकरी घडवाव्या लागतील. म्हणून अप्रत्यक्ष खुणा शोधल्या जातात. त्यांतील सर्वांत चर्चेत राहिलेली खूण अतिसममितीची होती. प्रत्येक ज्ञात मूलकणाला एक जड जोडीदार असावा, असे ही कल्पना म्हणते आणि स्ट्रिंग सिद्धांताला तिची गरज पडते. कोलायडरमध्ये २०१० पासून मोठ्या ऊर्जेच्या टकरी सुरू झाल्या आणि २०१२ मध्ये हिग्ज कण सापडला. जोडीदार कण मात्र एकही सापडलेला नाही.

जोडीदार कण सर्नच्या आवाक्यातच असले पाहिजेत असे स्ट्रिंग सिद्धांत कधी म्हणालाच नव्हता, ती अपेक्षा वेगळ्या युक्तिवादांतून आली होती, असे समर्थक सांगतात. तर्क म्हणून हे बरोबर आहे. पण मग ते कण सापडले असते तर त्याचे श्रेयही सिद्धांताला देता आले नसते, हेही त्याच प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

मितींचा शोध टेबलावर मावणाऱ्या उपकरणांनीही घेतला जातो. अंतर दुप्पट झाले की गुरुत्वाकर्षण चौपटीने घटते, हा न्यूटनचा नियम अवकाशाच्या तीन मितींशी बांधलेला आहे. जास्तीची मिती पुरेशी मोठी असेल, तर फार जवळच्या अंतरावर हा नियम मोडायला हवा. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी नाजूक पीळ-लोलक वापरून २०२० पर्यंत सुमारे ५० मायक्रोमीटर अंतरापर्यंत हा नियम तपासला, आणि तो कुठेही मोडलेला आढळला नाही. २०२२ मध्ये एक जास्तीची मिती साधारण मायक्रोमीटरच्या घरात असू शकते, असा एक प्रस्ताव स्ट्रिंग सिद्धांतातील विचारांच्या आधारे मांडला गेला. तो खरा की खोटा हे अशा प्रयोगांनी ठरू शकेल, आणि म्हणूनच मला तो इतर अनेक प्रस्तावांपेक्षा मोलाचा वाटतो.

एकावर पाचशे शून्ये

माझ्या मते खरी अडचण यंत्राच्या आकाराची नसून सिद्धांताच्या आतली आहे. सहा मिती गुंडाळण्याचे इतके प्रकार निघतात की त्यांची संख्या साधारणपणे एकावर ५०० शून्ये अशी सांगितली जाते. प्रत्येक प्रकार म्हणजे वेगळे कण, वेगळी बले आणि वेगळी कृष्ण ऊर्जा असलेले एक संभाव्य विश्व. आपल्या मूलकणांशी बरेच साम्य असलेली उदाहरणे यांत बांधता आली आहेत, पण आपले विश्व नेमके हेच, असे बोट ठेवून दाखवता आलेले नाही. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान एवढेच का, या साध्या प्रश्नाचे उत्तरही अजून या सिद्धांतातून निघालेले नाही.

डेसीची बातमी इथे येऊन मिळते. विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे, हे १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून कळले. या वाढीला कारणीभूत मानलेली कृष्ण ऊर्जा धन आणि स्थिर असावी, हा सर्वांत साधा अर्थ होता, आणि तशी स्थिती स्ट्रिंग सिद्धांतात मिळवणे फार अवघड गेले. २००३ मध्ये शमित काचरू, रेनाटा कॅलॉश, आंद्रेई लिंडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संदीप त्रिवेदी यांनी ती कशी मिळवता येईल याची एक रीत दाखवली. ही रीत या विषयातील सर्वाधिक चर्चिलेल्या कामांपैकी एक आहे, आणि तिची प्रत्येक पायरी टिकते का यावर आजही वाद चालू आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील कुमरुन वफा यांनी २००५ पासून उलट्या बाजूने प्रश्न विचारला. वरवर निर्दोष दिसणारी पण स्ट्रिंग सिद्धांतात कधीच बसू न शकणारी विश्वे कोणती, असा तो प्रश्न होता, आणि अशा विश्वांच्या प्रदेशाला त्यांनी दलदल असे नाव दिले. २०१८ मध्ये वफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा तर्क मांडला की धन आणि कायम स्थिर राहणारी कृष्ण ऊर्जा याच दलदलीत पडते. हा तर्क खरा असेल, तर त्रिवेदी आणि सहकाऱ्यांची रीत टिकत नाही, आणि आपल्या विश्वातील कृष्ण ऊर्जा हळूहळू बदलत असली पाहिजे. सुमारे दीड कोटी आकाशगंगा आणि क्वेसार, म्हणजे दूरच्या आकाशगंगांचे अतितेजस्वी गाभे, यांच्या नोंदींवरून डेसीने बदलाचाच संकेत दिल्यावर अनेकांनी हे दोन धागे जोडले.

तरीही याला पुरावा म्हणता येत नाही. डेसीचा संकेत इतर निरीक्षणांशी जोडल्यावर, कोणत्या स्फोटक ताऱ्यांची नोंद घेतली यानुसार, २.८ ते ४.२ सिग्मा इतका भरतो. सिग्मा हे योगायोगाची शक्यता किती कमी आहे याचे माप आहे, आणि शोध मान्य होण्यासाठी पाच सिग्मांची अट धरली जाते. संकेत पक्का झाला, तरी बदलणारी कृष्ण ऊर्जा सांगणारी कितीतरी मॉडेल्स तारांशिवाय लिहिलेली आहेत. शिवाय आकड्यांशी सर्वांत चांगली जुळणारी वक्ररेषा भूतकाळात अशा टप्प्यातून जाते, जो बदलत्या कृष्ण ऊर्जेच्या साध्या मॉडेलांना मुळात परवडतच नाही. आणि वफा यांचा तर्क हा तर्कच आहे. तो सिद्ध झालेला नाही. म्हणजे संकेत विरला, तर तो एक तर्क मागे घेतला जाईल आणि स्ट्रिंग सिद्धांत जागच्या जागी राहील. ज्या निकालाने हरता येत नाही, त्या निकालाने जिंकताही येत नाही.

“जे खोटे ठरवता येत नाही, ते विज्ञान कसे?”

हा आक्षेप तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांच्या कसोटीवर उभा आहे, आणि तो हलका नाही. डिसेंबर २०१४ मध्ये जॉर्ज एलिस आणि जोसेफ सिल्क या दोन ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात लिहून, सौंदर्य आणि सुसंगती यांच्या बळावर एखादा सिद्धांत मान्य करण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध इशारा दिला. दुसऱ्या बाजूने तत्त्वज्ञ रिखार्ड डाविड यांनी असे मांडले की पर्याय शोधूनही न सापडणे आणि एका प्रश्नासाठी काढलेल्या सिद्धांताने अनपेक्षितपणे दुसरे प्रश्न सोडवणे, यालाही काही वजन आहे.

मला वाटते, अशा गोष्टी सिद्धांतावर काम करत राहण्याचे चांगले कारण ठरतात, पण तो निसर्गाविषयी खरा आहे असे मानण्याचे कारण ठरत नाहीत. गणिती चौकट या नात्याने स्ट्रिंग सिद्धांताला खोटे ठरवण्याचा प्रश्नच फारसा लागू होत नाही. तिच्यातून निघणारी ठोस मॉडेल्स मात्र खोटी ठरू शकतात, आणि सर्नमुळे व जवळच्या अंतरावरील गुरुत्वाकर्षणाच्या प्रयोगांमुळे काही खोटी ठरलीही आहेत.

मग इतक्या वर्षांत हाती काय लागले?

बरेच काही, आणि या बाजूविषयी फार कमी बोलले जाते. कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याची आतील रचना किती निरनिराळ्या प्रकारे असू शकते याचे मोजमाप, त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते, हे जेकब बेकेनस्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांनी १९७० च्या दशकात सांगितले होते. पण ते प्रकार म्हणजे नेमके काय, हे कोणालाच माहीत नव्हते. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वफा यांनी एका विशिष्ट कृष्णविवरासाठी ते प्रकार स्ट्रिंग सिद्धांतातून प्रत्यक्ष मोजले, आणि उत्तर बेकेनस्टाइन-हॉकिंग सूत्राशी तंतोतंत जुळले. त्याच काळात टाटा संस्थेतील अविनाश धर, गौतम मंडल आणि स्पेंटा वाडिया यांनी अशा कृष्णविवरांतून बाहेर पडणाऱ्या प्रारणावर महत्त्वाचे काम केले. प्रयागराजच्या हरिश्चंद्र संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले अशोक सेन यांचा या साऱ्या विचारात इतका वाटा आहे की ‘फंडामेंटल फिजिक्स प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार २०१२ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तेव्हा तो ज्या नऊ जणांना मिळाला, त्यांत ते होते. ही मोजणी ज्या कृष्णविवरांची झाली, ती आकाशात दिसणाऱ्या कृष्णविवरांपेक्षा फार सोपी आणि आदर्श स्वरूपाची आहेत, हेही सांगायला हवे.

१९९७ मध्ये हुआन माल्दासेना यांनी असे मांडले की एका विशिष्ट वक्रतेच्या अवकाशातील गुरुत्वाकर्षणासह असलेला सिद्धांत, आणि त्या अवकाशाच्या सीमेवरचा गुरुत्वाकर्षण नसलेला सिद्धांत, हे एकाच गोष्टीचे दोन हिशेब असावेत. एका बाजूला अशक्य असलेले गणित दुसऱ्या बाजूला सोपे होते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत अणुकेंद्रांच्या टकरींतून तयार झालेला क्वार्क आणि ग्लुऑन यांचा तप्त रस जवळजवळ घर्षणाशिवाय वाहतो, असे २००५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा माल्दासेना यांच्या वाटेने काढलेली श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, मोजलेल्या आकड्याच्या आसपास होती. निसर्गात तारा आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. तारांसाठी घडवलेले गणित दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडते, एवढे मात्र निश्चित होते. माल्दासेना यांचे अवकाश ज्या प्रकारे वाकलेले आहे, तसे आपले विश्व वाकलेले नाही, ही मर्यादाही कायम आहे.

“हेलियमलाही वेळ लागलाच ना?”

कोकणात हा प्रश्न साहजिक आहे. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबांचे ओटे’ दाखवले जातात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध तिथून घेतले गेले असे सांगितले जाते, आणि १८ ऑगस्ट तिथे हेलियम दिन म्हणून साजरा होतो. त्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन यांनी गुंटूरहून घेतले. ऑक्टोबर १८६८ मध्ये नॉर्मन लॉकयर यांनी इंग्लंडमधून, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेषा पाहिली. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ती हेलियम या नव्या मूलद्रव्याची मानली गेली. विल्यम रॅमसे यांना हेलियम पृथ्वीवर १८९५ मध्ये सापडला, म्हणजे मध्ये २७ वर्षे गेली.

पण या उदाहरणात रेषा आधी दिसली होती. निरीक्षण हाती होते आणि स्पष्टीकरण यायचे होते. स्ट्रिंग सिद्धांतात स्पष्टीकरण आहे आणि निरीक्षण यायचे आहे. जवळचे उदाहरण द्यायचे, तर हिग्ज कणाचे द्यावे लागेल, जो १९६४ मध्ये सुचवला गेला आणि ४८ वर्षांनी सापडला. तिथेही कोणत्या टकरीत कोणती खूण दिसली पाहिजे हे आधीच ठरलेले होते. नुसता काळ गेला म्हणून सिद्धांत दुबळा होत नाही, पण वाट पाहणाऱ्याला नेमके कशाची वाट पाहायची हे माहीत असावे लागते, आणि स्ट्रिंग सिद्धांताला असा ठाम आकडा अजून देता आलेला नाही.

दुसरा मार्ग नाही का?

आहे, आणि त्याची सुरुवात एका मराठी शास्त्रज्ञाने केली आहे. शिरपूर येथे १९४९ मध्ये जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइन यांची समीकरणे नव्या चलांत लिहिली, आणि त्यांच्या आधारे कार्लो रोव्हेली, ली स्मोलिन आदींसह ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा मार्ग विकसित झाला. या मार्गात जास्तीच्या मिती लागत नाहीत. अवकाश स्वतःच कणाकणांचे बनलेले आहे असे तो सांगतो. इतर बलांना तो आपोआप सामावून घेत नाही, आणि त्या कणांमधून आपल्या अनुभवाचे सलग अवकाश कसे उभे राहते हा त्याचा अवघड प्रश्न आहे. प्रायोगिक पुरावा त्याच्याकडेही नाही. एकाची रिकामी झोळी दाखवून दुसऱ्याची भरलेली आहे असे सांगणारे लेख वाचताना हे ध्यानात ठेवावे.

या विषयात जावे का?

बारावीनंतर किंवा बी.एस्सी.च्या वर्गात असताना हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांना मी जाऊ नका असे म्हणणार नाही. गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी यांचा मेळ हा खरा आणि न सुटलेला प्रश्न आहे, आणि भारतात त्यावर काम करणाऱ्या संस्था जगात मानल्या जातात: मुंबईची टाटा संस्था, तिचेच बेंगळुरूमधील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था. गुरुत्वाकर्षण आणि विश्वशास्त्र यांच्या निरीक्षणांकडे झुकलेल्या विद्यार्थ्याला पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था अधिक जवळची वाटेल. टाटा संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे, आणि इतर अनेक संस्थांसाठी जेस्ट ही परीक्षा असते. कायमच्या संशोधन-पदांची संख्या फार थोडी आहे, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावे. पुंज क्षेत्र सिद्धांत, सापेक्षता आणि संख्याशास्त्रीय भौतिकी यांचा पाया पक्का केलेला विद्यार्थी पुढे स्ट्रिंग सिद्धांतातच राहिला नाही, तरी घनपदार्थ भौतिकी, क्वांटम माहितीशास्त्र किंवा गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणाकडे जाऊ शकतो, आणि औंढा नागनाथची वेधशाळा सुरू होईल तेव्हा त्या शेवटच्या कामासाठी महाराष्ट्रातच माणसे लागणार आहेत.